फेलओव्हर झाला की अ‍ॅरे लाल: एका नोडवर दुरुस्त केलं की दुसऱ्यावर बिघडतं

तक्रार अशी. अ‍ॅरे म्हणजे अनेक डिस्क असलेली सामायिक साठवणयंत्रं. त्यांच्यावर देखरेख ठेवणारं स्टोरेज मॅनेजमेंट सॉफ्टवेअर एकाच विंडोज सर्व्हरवर चालायचं. तो सर्व्हर पडला की कुठल्या अ‍ॅरेवर किती जागा उरली, कुठली डिस्क गेली, काहीच दिसायचं नाही. म्हणून दुसरा सर्व्हर जोडला, दोन्हींवर फेलओव्हर क्लस्टरिंग (एक सर्व्हर, म्हणजे नोड, पडला की काम दुसऱ्यावर नेणारी विंडोजची सोय) बसवलं आणि सॉफ्टवेअरची सर्व्हिस 'जेनेरिक सर्व्हिस' म्हणून रोलमध्ये, म्हणजे एकत्र हलणाऱ्या घटकांच्या गटात, टाकली. व्हॅलिडेशन रिपोर्ट हिरवागार. रोल दुसऱ्या नोडवर हलवला, सर्व्हिस ऑनलाइन झाली, सगळे खूश.

मग कन्सोल उघडला. यादीतला प्रत्येक अ‍ॅरे लाल, प्रत्येकापुढे 'लॉगिन अयशस्वी'. अ‍ॅरेवर थेट लॉगिन केलं तर तोच पासवर्ड चालतो. वैतागून सगळे पासवर्ड कन्सोलमध्ये पुन्हा भरले, पाच मिनिटांत सगळं हिरवं. पुढे पॅचिंगसाठी रोल परत पहिल्या नोडवर आणला आणि ये रे माझ्या मागल्या. पुन्हा सगळं लाल. पहिल्या नोडवर पासवर्ड भरले, तो सुधारला. नंतर दुसऱ्या नोडवर गेलो तर तो बिघडलेला.

हा खेळ मी चार वेळा खेळलो. चौथ्या वेळी लक्षात आलं की पासवर्ड भरणं हाच बिघाडाचा भाग आहे. ते कसं, हे खाली लिहितोय. त्या निमित्ताने याच कामात भेटलेली बाकीची दुखणीही लिहितो, कारण बहुतेकांचं मूळ एकच आहे. क्लस्टर सर्व्हिस हलवतं, डिस्क हलवतं, नाव आणि पत्ता हलवतं. पण ज्या सॉफ्टवेअरला आपण कायम एकाच यंत्रावर राहणार असं वाटत होतं, त्याने त्या यंत्राच्या भरवशावर जे जे ठेवलं असेल, ते मागेच राहतं.

पासवर्डचा झोका

असलं सॉफ्टवेअर अ‍ॅरेचे पासवर्ड साध्या अक्षरांत ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे. ते कुलूपबंद करायला विंडोजमधली डीपीएपीआय ही सोय वापरतात. तिच्यात 'लोकल मशीन' असा एक प्रकार आहे. त्यात कुलपाची किल्ली त्या यंत्राची स्वतःची असते आणि ती विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरखाली, मायक्रोसॉफ्ट आणि मग प्रोटेक्ट या फोल्डरात पडून असते. दुसऱ्या यंत्राकडे ती किल्ली नसते. त्यामुळे पहिल्या नोडवर बंद केलेला पासवर्ड दुसऱ्या नोडवर उघडत नाही. सॉफ्टवेअर मग रिकामा किंवा कचरा पासवर्ड अ‍ॅरेला पाठवतं, अ‍ॅरे नकार देतो, आणि कन्सोल बिचारा 'लॉगिन अयशस्वी' एवढंच सांगतो.

इथवर गोष्ट सोपी होती. दोन्ही नोडवर एकेकदा पासवर्ड भरले की प्रत्येक नोडकडे स्वतःची प्रत राहील आणि विषय संपेल, असं मलाही वाटलं. तसं झालं नाही, कारण मध्ये रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याचा, चेकपॉइंट बसला होता.

जेनेरिक सर्व्हिसचा विझार्ड चालवताना एका पानावर विचारतात की कुठली रजिस्ट्री की (नोंदींचा कप्पा) दोन्ही नोडवर सारखी ठेवायची. मी शहाणपणा करून सॉफ्टवेअरची अख्खी की दिली होती. सेटिंग्ज दोन्हीकडे सारखी राहावीत, एवढाच हेतू. चेकपॉइंट काम करतो तो असा: रिसोर्स (रोलमधला घटक, इथे सर्व्हिस) ऑनलाइन असताना क्लस्टर त्या कीवर नजर ठेवतं आणि काही बदललं की प्रत काढून स्वतःकडे ठेवतं. रोल दुसऱ्या नोडवर गेला की सर्व्हिस सुरू करण्याच्या आधी ती प्रत तिथल्या रजिस्ट्रीवर लिहितं. तिथे आधी काय होतं याची चौकशी करत नाही.

आता झोका बघा. दुसऱ्या नोडवर मी पासवर्ड भरले. ते त्या नोडच्या किल्लीने बंद झाले, रजिस्ट्रीत लिहिले गेले, चेकपॉइंटने प्रत काढली. रोल पहिल्या नोडवर परत गेला तेव्हा तिथले बरोबर असलेले पासवर्ड पुसून त्यांच्या जागी दुसऱ्या नोडचे आले, आणि पहिल्या नोडला ते उघडता येईनात. तिथे नवे भरले, पुढच्या वेळी ते दुसऱ्या नोडवर जाऊन पडले. म्हणजे प्रत्येक दुरुस्ती पुढच्या बिघाडाची सोय करत होती.

तुमच्याकडे हेच चाललंय का, हे ओळखायला दहा मिनिटं पुरतात. फेलओव्हरनंतर, काहीही न भरता, सॉफ्टवेअरची रजिस्ट्री की दोन्ही नोडवर एक्स्पोर्ट करा आणि दोन फाइली शेजारी शेजारी ठेवा. पासवर्डची व्हॅल्यू बायनरी असेल आणि तिची सुरुवात ०१ ०० ०० ०० डी० ८सी ९डी डीएफ अशी असेल, तर ते डीपीएपीआयचंच बाड आहे. ही सुरुवात ठरलेली असते, एकदा पाहिली की लांबूनही ओळखू येते. दोन्ही नोडवर ते बाड अक्षरशः सारखं असेल तर चेकपॉइंटने ते ओढून नेलंय. कारण एकच पासवर्ड दोन यंत्रांवर वेगवेगळा बंद केला तर बाडं कधीच सारखी येत नाहीत. एकाच यंत्रावर दोनदा बंद केला तरी येत नाहीत. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या लॉगमध्ये ०एक्स८००९०००बी हा कोड दिसला तर उरलासुरला संशयही फिटतो. 'की या अवस्थेत वापरता येत नाही' अशा अर्थाचा तो संदेश आहे. माझ्या लॉगमध्ये तो पहिल्या दिवसापासून होता, मी मात्र 'लॉगिन' हा शब्द शोधत बसलो होतो.

उपाय काय करायचा हे पासवर्ड कुठे ठेवलेत यावर ठरतं. रजिस्ट्रीत असतील तर अख्ख्या कीचा चेकपॉइंट काढा (रिमूव्ह-क्लस्टरचेकपॉइंट) आणि ज्या उपकीमध्ये फक्त सेटिंग्ज आहेत तेवढ्यांचे नवे लावा (अ‍ॅड-क्लस्टरचेकपॉइंट). पासवर्डची उपकी बाहेर ठेवा. मग रोल एका नोडवर असताना पासवर्ड भरा, हलवा, दुसऱ्यावर भरा. त्यानंतर प्रत्येक नोड आपापली प्रत सांभाळतो. यात एक कटकट राहतेच: अ‍ॅरेचा पासवर्ड बदलला की दोन्ही नोडवर भरावा लागतो, म्हणजे एकदा रोल हलवणं आलं. आम्ही ते पासवर्ड बदलण्याच्या कामाच्या यादीतच लिहून टाकलंय.

पासवर्ड सामायिक डिस्कवरच्या डेटाबेसमध्ये असतील तर ही युक्ती चालत नाही. डेटाबेस एकच आहे, तो दोघांच्या किल्लीने कसा उघडणार? तिथे सॉफ्टवेअरलाच क्लस्टरची जाण हवी. सिस्टिम सेंटर व्हर्च्युअल मशीन मॅनेजर हे त्याचं चांगलं उदाहरण. त्याची क्लस्टरवरची मांडणी करायची तर किल्ल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीमध्येच (डोमेनमधल्या खात्यांच्या सामायिक नोंदवहीत) ठेवाव्या लागतात, स्थानिक यंत्रावर ठेवायचा पर्यायच मिळत नाही. कुठल्याही स्टोरेज मॅनेजमेंट सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत आधी हेच शोधा: किल्ली कुठे राहते, पासफ्रेज देऊन दुसऱ्या नोडवर नेता येते का. याचं उत्तर 'नाही' असेल तर ते सॉफ्टवेअर जेनेरिक सर्व्हिस म्हणून क्लस्टरवर चढवण्यापेक्षा हाय अव्हेलेबिलिटीवाल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे अख्खं यंत्रच हलतं, किल्लीसकट.

क्रिप्टो चेकपॉइंट नावाचाही एक प्रकार क्लस्टरमध्ये आहे आणि त्याचं नाव वाचून आशा वाटते. तो क्रिप्टोएपीआयच्या की कंटेनरसाठी आहे, डीपीएपीआयच्या मास्टर किल्लीला तो हात लावत नाही. त्यात माझी एक संध्याकाळ गेली.

चेकपॉइंटबद्दल आणखी एक. रिसोर्स ऑफलाइन करून, शांतपणे रजिस्ट्रीत बदल करून, पुन्हा ऑनलाइन केलं तर तुमचा बदल गायब होतो. क्लस्टरने ऑनलाइन करताना जुनी प्रत वर लिहिलेली असते. बदल रिसोर्स ऑनलाइन असतानाच करायचा, नाहीतर आधी चेकपॉइंट काढायचा.

सर्व्हिस सुरूच होत नाही, आणि तासाभराने आपोआप होते

हे दुसरं दुखणं लोकांना भुताटकीसारखं वाटतं. रोल 'फेल्ड' होऊन पडलेला असतो, कोणी हात लावत नाही, आणि तासाभराने स्वतःच उठतो. त्यामागे ठरलेला हिशोब आहे. रिसोर्स पडला की क्लस्टर त्याला १५ मिनिटांत एकदा त्याच नोडवर उठवून बघतं. पुन्हा पडला तर रोल दुसऱ्या नोडवर नेतं. पण असं नेण्यालाही मर्यादा आहे: ६ तासांत नोडच्या संख्येपेक्षा एक कमी इतक्याच वेळा. दोन नोडचं क्लस्टर असेल तर ६ तासांत फक्त एकदा. त्यानंतर इव्हेंट १२५४ नोंदवून रोल तसाच सोडला जातो. आणि सगळे प्रयत्न फसले तर १ तासाने पुन्हा सुरुवातीपासून प्रयत्न करायचा, हीही डीफॉल्ट सेटिंग आहे. ते भूत म्हणजे ही सेटिंग.

चाचणी घेताना याच हिशोबाने माझी फसगत झाली होती. सकाळी 'सिम्युलेट फेल्युअर' करून बघितलं, रोल हलला. जेवून आल्यावर साहेबांना दाखवायला पुन्हा केलं, रोल पडून राहिला. क्लस्टर बिघडलेलं नव्हतं, सहा तासांचा कोटा सकाळीच संपला होता. चाचणीपुरता हा आकडा रोलच्या प्रॉपर्टीजमध्ये, फेलओव्हरच्या टॅबवर वाढवून ठेवा आणि नंतर परत खाली आणा. कायमचा वाढवून ठेवलात तर खरोखर बिघडलेली सर्व्हिस दोन नोडमध्ये दिवसभर टेनिसच्या चेंडूसारखी फिरत राहील.

मुळात सर्व्हिस का पडते? क्लस्टरचा इव्हेंट १०६९ एवढंच सांगतो की रिसोर्स पडला. गंमत अशी की विंडोजच्या सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरचाही १०६९ नावाचा एरर आहे आणि त्याचा अर्थ वेगळा: सर्व्हिसच्या खात्याचं लॉगिन झालं नाही. दोन्ही एकाच वेळी दिसू शकतात आणि माणूस एकाचं उत्तर दुसऱ्याच्या पानावर शोधत बसतो. सिस्टिम लॉगमध्ये नोंद कोणाची आहे, फेलओव्हर क्लस्टरिंगची की सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरची, ते आधी बघा. दुसरीची असेल तर कारण बहुधा असं निघतं: सर्व्हिस ज्या डोमेन खात्याने चालते त्याचा पासवर्ड बदलला आणि तो ज्या नोडवर सर्व्हिस चालू होती तिथेच अपडेट केला. दुसरा नोड जुना पासवर्ड घेऊन बसला होता, पुढच्या फेलओव्हरपर्यंत कोणाला कळलं नाही. सॉफ्टवेअरला चालत असेल तर ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट वापरा. ती सोय विंडोज सर्व्हर २०१२ पासून आहे, पासवर्ड डोमेन स्वतःच बदलतं आणि दोन्ही नोड तो स्वतःच मिळवतात.

दुसरं कारण वेळेचं आहे आणि ते जरा सावकाश समजून घ्यायला हवं. प्रत्येक रिसोर्सला ऑनलाइन किंवा ऑफलाइन व्हायला क्लस्टर ३ मिनिटं देतं. पेंडिंग टाइमआउट नावाची ही मर्यादा मिलिसेकंदांत १८०००० अशी लिहिलेली दिसते. स्टोरेज मॅनेजमेंटची सर्व्हिस थांबताना मेमरीतला डेटा डेटाबेसमध्ये लिहिते. अ‍ॅरे बरेच असतील, इतिहास मोठा असेल तर ३ मिनिटं पुरत नाहीत. वेळ संपली की क्लस्टर सर्व्हिसची प्रोसेस मारून टाकतं. डेटाबेस अर्धवट बंद होतो. दुसऱ्या नोडवर सर्व्हिस सुरू होताना डेटाबेसची दुरुस्ती चालू होते, तिला तर आणखी वेळ लागतो. पुन्हा ३ मिनिटं संपतात, पुन्हा मारलं जातं. आपल्याला दिसतं एवढंच, की 'दुसऱ्या नोडवर सर्व्हिस चढत नाही'. मग आपण दुसऱ्या नोडचं इन्स्टॉलेशन उखडून परत करतो. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

क्लस्टरबाहेर, साध्या सर्व्हिसेसच्या खिडकीतून, सर्व्हिस थांबायला आणि सुरू व्हायला घड्याळ लावून किती वेळ घेते ते बघा. आमच्याकडे थांबायला चार मिनिटं वीस सेकंद लागत होते. त्याच्या दुप्पट पेंडिंग टाइमआउट ठेवा. ही सेटिंग रिसोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉलिसीजच्या टॅबवर मिळते.

आणि सर्व्हिसचा स्टार्टअप टाइप दोन्ही नोडवर 'मॅन्युअल' हवा. 'ऑटोमॅटिक' राहिला तर नोड रीबूट झाल्यावर सर्व्हिस क्लस्टरला न विचारता उठू बघते. सॉफ्टवेअरचं अपग्रेड केलं की इन्स्टॉलर ते गुपचूप परत 'ऑटोमॅटिक' करून ठेवतो, म्हणून प्रत्येक अपग्रेडनंतर बघायचं.

लॉग वाचताना

गेट-क्लस्टरलॉग ही कमांड प्रत्येक नोडची फाइल काढून देते. सोबत शेवटची किती मिनिटं हवीत ते टाइमस्पॅनमध्ये द्या, नाहीतर फाइल उघडायलाच कंटाळा येईल. त्यातली वेळ डीफॉल्टने यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते. इव्हेंट व्ह्यूअरमधली वेळ स्थानिक. दोन्ही जुळत नाहीत म्हणून 'त्या वेळी काहीच घडलेलं नाही' असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत, आणि त्यांच्यात एकदा मीही होतो. यूज-लोकल-टाइम हा स्विच लावला की वेळ जुळते. आधी आरसीएमच्या ओळी वाचा, रोल आणि रिसोर्सचे निर्णय तिथे असतात. मग त्याच सेकंदाच्या आसपासच्या आरईएसच्या ओळी, ज्यात रिसोर्स स्वतः काय म्हणाला ते असतं.

ज्या डिस्क क्लस्टरमध्ये यायलाच नको होत्या

स्टोरेज मॅनेजमेंटच्या सर्व्हरला नेहमीच्या सर्व्हरपेक्षा जास्त लन (अ‍ॅरेने डिस्कसारखे दिलेले तुकडे) दिसतात. स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) माउंट करून तपासायला, कॉपी पडताळायला दिलेले असतात. क्लस्टर तयार करणाऱ्या विझार्डच्या कन्फर्मेशनच्या पानावर 'सगळं पात्र स्टोरेज क्लस्टरमध्ये घ्या' या अर्थाचा एक चौकोन आधीच टिक केलेला असतो. ती टिक न काढता पुढे गेलात तर दोन्ही नोडना दिसणारे सगळे लन क्लस्टरच्या 'अव्हेलेबल स्टोरेज'मध्ये जातात, त्यांच्यावर क्लस्टरचं रिझर्व्हेशन (ताबा) बसतं, आणि दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरच्या स्नॅपशॉट तपासणीच्या जॉब एकेक करून पडायला लागतात. दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही, कारण मध्ये एक रात्र गेलेली असते.

टिक काढा. कमांडने करत असाल तर न्यू-क्लस्टरला नो-स्टोरेज द्या. नंतर फक्त सॉफ्टवेअरच्या डेटाबेसची डिस्क, आणि डिस्क विटनेस (क्लस्टरच्या बहुमतात एक मत देणारी डिस्क) वापरणार असाल तर ती छोटी डिस्क, एवढ्याच हाताने घाला. गडबड आधीच झाली असेल तर त्या डिस्क अव्हेलेबल स्टोरेजमधून काढून टाका. काढल्यावरही एखाद्या लनवर जुनं रिझर्व्हेशन चिकटून राहिलं आणि तो ऑनलाइन होईना, तर क्लिअर-क्लस्टरडिस्करिझर्व्हेशन आहे. ही कमांड चालवण्याआधी डिस्क क्रमांक तीनदा तपासा, आणि तो लन दुसऱ्या कुठल्या चालू क्लस्टरचा नाही याची खात्री करा. माझ्या मते ती एकट्याने चालवायची कमांड नाही, शेजारी कोणीतरी बसलेलं हवं.

फेलओव्हर क्लस्टरिंगला विंडोज सर्व्हर २००८ पासून एससीएसआय-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन लागतं. काही अ‍ॅरेवर ते लनच्या पातळीवर वेगळं सुरू करावं लागतं. व्हॅलिडेशनमध्ये नेमकी हीच चाचणी पडत असेल तर विंडोजवर वेळ घालवू नका, अ‍ॅरेच्या बाजूला बघा. मल्टिपाथचं (अ‍ॅरेकडे जाणाऱ्या अनेक वाटा सांभाळणारं) सॉफ्टवेअर दोन्ही नोडवर एकाच आवृत्तीचं आहे ना, तेही बघा.

रिसोर्सच्या अवलंबित्वाची एक चूक सर्रास दिसते. सर्व्हिस डिस्कवर आणि नेटवर्क नावावर अवलंबून आहे असं डिपेंडन्सीच्या टॅबवर सांगितलेलं नसतं. मग सर्व्हिस डिस्कच्या आधी उठायला बघते आणि डेटाबेस सापडत नाही म्हणून पडते. पण कधी कधी डिस्क आधी येते आणि सगळं ठीक चालतं. असा मूडवर चालणारा बिघाड शोधणं सगळ्यात कठीण, आणि दुरुस्ती दोन क्लिकची. शिवाय सॉफ्टवेअरच्या सगळ्या फाइली खरंच सामायिक डिस्कवर आहेत का ते तपासा. डेटाबेस हलवला, पण अहवालांच्या आणि जॉबच्या फाइली सी ड्राइव्हवर प्रोग्रामडेटामध्येच राहिल्या, असं होतं. मग प्रत्येक नोडवर अहवालांचा वेगळा इतिहास साठतो.

पत्ता कोणाचा

हा भाग मला सगळ्यात घातक वाटतो, कारण यात काहीच लाल होत नाही. अ‍ॅरेवर एसएनएमपी ट्रॅप (बिघाडाच्या सूचना) कुठे पाठवायचे ते लिहिलेलं असतं. जुन्या काळी तिथे पहिल्या सर्व्हरचा आयपी टाकलेला असतो. रोल दुसऱ्या नोडवर गेला की अ‍ॅरे ट्रॅप पाठवत राहतो पहिल्याच नोडला, यूडीपी १६२ पोर्टवर, आणि तिथे ऐकणारं कोणी नसतं. यूडीपीमध्ये पोच मिळत नसल्याने अ‍ॅरेलाही कळत नाही. कन्सोल हिरवा, डिस्क मात्र गेलेली. एसएमआय-एसच्या (स्टोरेज सांभाळण्याची प्रमाण पद्धत) सूचनांचं तेच: सबस्क्रिप्शन करताना सॉफ्टवेअरने स्वतःचा पत्ता म्हणून नोडचा आयपी दिला असेल तर सूचना तिकडेच जातात.

ट्रॅपचा पत्ता रोलच्या क्लस्टर आयपीवर बदला, प्रत्येक अ‍ॅरेवर, कंटाळा आला तरी. सबस्क्रिप्शनसाठी सॉफ्टवेअरमध्ये 'सर्व्हरचा पत्ता' हाताने भरायची जागा असते, तिथे रोलचं नाव द्या. ती जागा रिकामी ठेवली तर सॉफ्टवेअर पहिलं सापडेल ते नेटवर्क कार्ड उचलतं, आणि क्लस्टरिंग बसवल्यावर यंत्रावर एक अदृश्य कार्ड वाढलेलं असतं: फेलओव्हर क्लस्टर व्हर्च्युअल अ‍ॅडॉप्टर. नेटवर्क कनेक्शन्सच्या खिडकीत ते दिसत नाही, आयपीकॉन्फिगच्या 'ऑल' यादीत दिसतं, आणि त्याचा पत्ता १६९.२५४ने सुरू होतो. अ‍ॅरेच्या सबस्क्रिप्शनमध्ये १६९.२५४चा पत्ता दिसला तर चूक तिथेच आहे.

उलट दिशेचा नियम वेगळा. सर्व्हिस अ‍ॅरेकडे जाते तेव्हा विंडोज सहसा नोडचा स्वतःचा आयपी वापरतं, क्लस्टरचा नाही. म्हणून अ‍ॅरेवर किंवा फायरवॉलवर कोणाला येऊ द्यायचं याची यादी असेल तर तिच्यात तिन्ही पत्ते हवेत: दोन्ही नोडचे आणि रोलचा. सर्टिफिकेटमध्येही रोलचं नाव हवं, नाहीतर ब्राउझर रोज कुरकुर करेल. सॉफ्टवेअर यंत्राचं नाव विचारतं तेव्हा त्याला रोलचं नाव मिळावं यासाठी जेनेरिक सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमध्ये 'नेटवर्क नाव हेच कॉम्प्युटरचं नाव म्हणून वापरा' असा चौकोन आहे. परवाना यंत्राच्या नावावर असेल तर त्याचाही उपयोग होतो. परवाना मॅक पत्त्यावर असेल तर मात्र दुसऱ्या नोडसाठी वेगळा मागवण्यावाचून गत्यंतर नाही.

जुनं नाव रोलला द्यायचं असेल तर

सगळे एजंट, स्क्रिप्ट आणि लोकांचे बुकमार्क जुन्या सर्व्हरच्या नावावर असतात. ते नाव रोलला देणं सोयीचं, पण घाईत केलं तर इव्हेंट ११९४ किंवा १२०७ येऊन नाव ऑनलाइन होत नाही. क्रम असा ठेवा: क्लस्टर बनवण्याच्या आधीच जुन्या सर्व्हरचं नाव बदला. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत जुन्या नावाचं कॉम्प्युटर खातं नव्याने तयार करा, डिसेबल करा, आणि क्लस्टरच्या स्वतःच्या खात्याला त्यावर पूर्ण अधिकार द्या. मग रोल बनवताना ते नाव द्या. डीएनएसमध्ये जुनी नोंद जुन्याच मालकीची पडून असेल तर इव्हेंट ११९६ येतो. ती नोंद पुसा आणि नेटवर्क नाव ऑफलाइन-ऑनलाइन करा.

मधूनच फेलओव्हर होत असेल, म्हणजे रात्री कधीतरी रोल आपोआप हललेला दिसतो आणि इव्हेंट ११३५ असतो, तर तो स्टोरेज सॉफ्टवेअरचा दोष धरू नका. एका नोडला दुसऱ्याचे हार्टबीट ('मी जिवंत आहे' असे संदेश) मिळाले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. ते यूडीपी ३३४३वरून दर सेकंदाला जातात. २०१६च्या आवृत्तीत एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच भागात) १० चुकले की नोड बाहेर काढला जातो. स्विच, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आणि व्हर्च्युअल मशीनवर नोड असतील तर त्यांच्या स्नॅपशॉटची वेळ, या तीन ठिकाणी बघा. आमचे नोड व्हर्च्युअलच होते, आणि रात्री दोनच्या बॅकअपचा स्नॅपशॉट घेताना यंत्र काही सेकंद गोठायचं. बॅकअपची पद्धत बदलली, ११३५ थांबला.

शेवटची चाचणी. रोल पहिल्याकडून दुसऱ्याकडे, परत पहिल्याकडे, आणि हे सगळं पुन्हा एकदा, अशा चार हालचाली करा. एकाच हालचालीत पासवर्डचा झोका पकडता येत नाही, तो परतीच्या वाटेवर दिसतो. प्रत्येक हालचालीनंतर कन्सोलचा रंग बघून थांबू नका: एका अ‍ॅरेवरून टेस्ट ट्रॅप पाठवा आणि तो आला का बघा, एक लन तयार करून पुसून बघा, एक स्नॅपशॉट जॉब चालवा. पाचव्यांदा नोडची वीज खरोखर काढा. आमच्या पाचव्या चाचणीत रोल दोन मिनिटांत दुसऱ्या नोडवर उभा राहिला, अ‍ॅरे हिरवे, टेस्ट ट्रॅप आला, आणि सहावा अ‍ॅरे तेवढा गप्प राहिला. त्याच्यावरचा ट्रॅपचा पत्ता बदलायचा राहून गेला होता.